वीस मिनिटांनी आपल्या डोक्यावर

ताईंच्या घरात तांदूळ काळ्या ताटात निवडले जात आणि मोहरी पांढऱ्या ताटात. ताट खिडकीशी न्यायचं, उजेड डाव्या खांद्यावरून घ्यायचा आणि निवडताना बोलायचं नाही. इथल्या सुपरमार्केटच्या बासमतीत खडा कधी सापडत नाही, असं मी दुसऱ्याच आठवड्यात धीर करून म्हणाले होते.

"सापडत नाही हे तुला कसं माहीत?" त्या ताटावरून नजर न काढता म्हणाल्या. "तू शोधला का?"

मी शोधला नव्हता. मग रविवारी सकाळी मीही एक ताट घेऊन खिडकीशी बसू लागले. खडा मला कधीच सापडला नाही. ताईंनाही सापडल्याचं आठवत नाही. पण त्या घरातला भात खाताना एक प्रकारची खात्री वाटायची, ती मला नंतर कुठे वाटली नाही.

ताई माझ्या घरमालकीण. आयर्लंडमधल्या नास गावात, कालव्यापासून पाच मिनिटांवर त्यांचं घर होतं आणि मागची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. शिवाय ज्या औषधांच्या कारखान्यात मी २०२०च्या जानेवारीत लागले, तिथे त्याच माझ्या ट्रेनर होत्या. मूळच्या नागपूरच्या, वय पंचावन्नच्या पुढे, लग्न केलेलं नाही. वीस वर्षं आयर्लंडमध्ये राहूनही त्यांच्या बोलण्यातलं नागपूर तसूभर हललं नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्यांना "मॅडम" म्हणाले तर म्हणाल्या, "मॅडम म्हणू नको, इथे कोणी म्हणत नाही." मग "काकू" म्हणाले तर चष्म्याच्या वरून नुसतं पाहिलं. शेवटी "ताई" ठरलं. त्या मला "पोट्टी" म्हणत. पुण्याच्या इंग्लिश मीडियम शाळेत वाढलेल्या मला हा शब्द आधी शिवीसारखा वाटला होता. नागपूरकडे मुलीला तसंच म्हणतात, हे कळायला महिना गेला.

ताईंचं काम म्हणजे पाहणं. आमच्या कारखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या भरल्या जातात. त्यात केसाचा तुकडा, काचेचा कण, काही तरंगतंय का, हे शेवटी माणसाच्या डोळ्याने तपासावं लागतं. एक छोटी केबिन, वर दिवा, समोर अर्धी काळी आणि अर्धी पांढरी पाटी. बाटली हलकेच फिरवायची, काळ्यासमोर पाच सेकंद, पांढऱ्यासमोर पाच सेकंद. पांढरा कण काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. ताईंनी बारा वर्षं नुसतं हेच काम केलं आणि मग ते करता करता बाकीच्यांनाही शिकवायला लागल्या. दरवर्षी त्यांच्या डोळ्यांची परीक्षा व्हायची आणि दरवर्षी त्या शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ कंटाळल्यासारखी वाचून दाखवायच्या.

माझ्या पहिल्या चाचणीत त्यांनी मला दहा बाटल्यांचा ट्रे दिला. मी चार बाजूला काढल्या. खराब तीनच होत्या.

"ही चौथी कशाला काढली?"

"वाटलं की काहीतरी असेल."

"असेल?" त्यांनी ती बाटली माझ्या हातात परत दिली. "काय दिसलं ते सांग."

मी बराच वेळ पाहिलं. स्वच्छ पाणी होतं. शेवटी म्हणाले, "काही नाही."

"मग तेच लिहायचं ना बाप्पा. काही नाही दिसलं हासुद्धा रिझल्टच असतो. जे नाहीच ते दिसणं, हे न दिसण्यापेक्षा वाईट."

डोळ्यांची त्या निगा ठेवायच्या ती एखाद्या गवयाने गळ्याची ठेवावी तशी. घरात टीव्ही नव्हता. हिवाळ्यात, सूर्य चार वाजता मावळणाऱ्या देशात, त्या गॉगल घालून बाहेर पडत. कामावरून आल्यावर वीस मिनिटं वरच्या मजल्याच्या खिडकीत उभ्या राहून दूरच्या विकलोच्या डोंगरांकडे बघत. त्याला त्या "डोळ्यांची सुट्टी" म्हणत. त्या वीस मिनिटांत दारावरची बेल वाजली तरी उतरायच्या नाहीत. शेजारचा डेक्लन, निवृत्त बसड्रायव्हर, हे ओळखून होता. तो अंडी दारात ठेवून खालूनच ओरडायचा, "शी'ज ऑन हर हॉलिडेज, इज शी?" आणि जायचा.

आणि त्यांची वही. आमच्या धंद्यात प्रत्येक कामाला दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याची. दुसरी सही नसेल तर ते काम झालंच नाही असं धरतात. ताईंनी हा नियम घरी आणला होता. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात (मीही आता प्रेसच म्हणायला लागले आहे), चहाच्या डब्यामागे एक जाड पुठ्ठ्याची वही असायची. तिच्यात त्यांनी पाहिलेल्या गोष्टी लिहिलेल्या. तारीख, वेळ, काय पाहिलं, कुठून, आणि शेवटी सोबतच्याची सही. 'कोल्हा, मागच्या भिंतीवर, सात मिनिटं', पुढे डेक्लनची सही. 'दुहेरी इंद्रधनुष्य, पूर्ण', पुढे पोस्टमनची. त्याला त्यांनी त्यासाठी दारात थांबवून ठेवलं होतं आणि तो भिजला होता. एका पानावर मला एक खोडलेली नोंद दिसली, 'बगळ्याने बाम मासा गिळला, कालवा'. खोडलेली म्हणजे आमच्या पद्धतीने, एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी.

"ही का खोडली?"

"सोबत कोणी नव्हतं."

"पण तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं. पण एकटीने पाहिलेलं मनात राहते, वहीत नाही."

या वहीत एक गोष्ट यायची राहिली होती. माणसं घेऊन वर जाणारं रॉकेट.

त्या कॉलेजात असताना आपला, भारताचा माणूस अवकाशात गेला तेव्हा मोहल्ल्यातल्या एकाच टीव्हीसमोर पन्नास जण बसले होते. ताई मागे होत्या, त्यांना पुढच्यांची डोकी तेवढी दिसली. पुढे कंपनीने ट्रेनिंगला अमेरिकेत पाठवलं, तेव्हा रजा जोडून त्या बसने फ्लोरिडाला गेल्या. एका रुंद नदीच्या काठी गवतावर हजारो माणसं घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन बसलेली आणि पाण्यापलीकडे, क्षितिजावर, काडीसारखं पांढरं यान. पहिल्या दिवशी ढग आले म्हणून उड्डाण रद्द. दुसऱ्या दिवशी कसलातरी सेन्सर बिघडला म्हणून रद्द. शेजारच्या म्हाताऱ्याने दुर्बीण पुढे केली तर ताईंनी ती परत केली. "म्हटलं, मधे काच नको. इतकी वर्षं काचेतूनच पाहून राहिली मी." तिसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं. विमान अटलांटिकवर असताना त्यांनी हवाईसुंदरीला बोलावलं आणि सांगितलं, पायलटला विचार, उजवीकडे काही वर जाताना दिसतंय का.

"मग? विचारलं तिने?"

"तिने मला पाणी आणून दिलं."

यान त्या दिवशी गेलं. ते त्यांना डब्लिनला उतरल्यावर कळलं.

"पण मग व्हिडिओ पाहता येतो ना ताई. अगदी जवळून दाखवतात."

"ते कोणीतरी आधीच पाहिलेलं असते. उष्टं."

त्यामुळे २०२०च्या मे महिन्यात, नऊ वर्षांनी अमेरिकेतून पुन्हा माणसं वर जाणार अशी बातमी आली आणि मी त्यांना फोनवर वाचलेली एक गोष्ट सांगितली, तेव्हा त्या हातातलं लाटणं खाली ठेवून उभ्याच राहिल्या. गोष्ट अशी होती की फ्लोरिडातून निघालेलं ते यान अटलांटिक ओलांडून साधारण वीस मिनिटांत आयर्लंडवरून जाणार होतं. इथे तेव्हा नुकताच सूर्य मावळलेला असेल, पण यान इतकं उंच असेल की त्याच्यावर ऊन पडलेलं असेल. आकाश निरभ्र असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

"नुसत्या डोळ्यांनी?"

"असं लिहिलंय."

"आत माणसं असताना?"

"दोन."

त्यांनी लाटणं पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथले लोक दोन मिनिटं पाहणार, आणि वीस मिनिटांनी ते आपल्या डोक्यावर. मी उगीच बसने गेली बाप्पा."

लॉकडाउनचे ते दिवसच स्वप्नासारखे होते. रस्ते रिकामे. आमचा कारखाना औषधांचा म्हणून चालू होता, पण बाकी गाव झोपल्यासारखं. घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी. विमानं बंद असल्यामुळे आकाशात एकही पांढरी रेघ नसायची. असं आकाश मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. संध्याकाळ संपतच नसे. दहा वाजता भिंतींवर अजून उजेड असायचा, आणि तो कुठून येतोय ते कळायचं नाही.

त्याच आठवड्यात ताई दोनदा म्हणाल्या होत्या, की डोळ्यात धूळ तरंगून राहिली आहे. एकदा पाण्याचा ग्लास उजेडात धरून त्यांनी तो ओतून टाकला, दुसरा भरला, तोही धरला. "पाणी बरं आहे," म्हणाल्या, "माझाच लॉट रिजेक्ट दिसते." मी हसले. चष्म्याची दुकानं तेव्हा फक्त तातडीच्या कामापुरती उघडी होती. सगळं उघडलं की जाईन, असं त्या म्हणाल्या, आणि मी "हो" म्हणाले. मी तेव्हा सगळ्यालाच "हो" म्हणायचे. वाद वाचतो, समोरचा माणूस खूश राहतो, आणि आपल्याकडे कोणी निरखून बघत नाही.

उड्डाणाच्या संध्याकाळी नऊ वाजता आम्ही निघालो. दारातच ताईंनी हात पुढे केला. "फोन."

"ताई, वेळ बघायला लागेल."

"घड्याळ आहे. फोन घरी, डोळे सोबत." तपासणीच्या केबिनमध्ये फोन नेत नाहीत, तोच नियम. फोन जिन्याच्या पायरीवर ठेवून आम्ही कालव्याच्या काठाने चालत गेलो. काठाच्या पुढे एक मोठं कुरण आहे, घोड्यांचं. पश्चिमेला काहीही आडवं नाही. दोन घोडे कुंपणाशी आले, आमच्याकडे खायला काही नाही हे पाहून परत गेले. ताईंनी वही काखेत धरली होती आणि आज त्यांनी चक्क पावडर लावली होती.

सूर्य गेला. आकाश आधी पिवळं, मग आतून दिवा लावलेल्या दुधी काचेसारखं झालं. गवतातून गारवा वर येऊ लागला. दूर कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या. ताई हळू आवाजात, जणू कोणी झोपलं आहे अशा आवाजात म्हणाल्या, "आता निघाले असतील."

मी मान हलवली.

"आता समुद्रावर."

थोड्या वेळाने, "खाली पाहून राहिले असतील का ते? की बटणंच दाबून राहिले असतील?"

"माहीत नाही."

"मी असती तर खाली पाहिलं असतं."

घड्याळात दहाला दहा कमी होते. मी पश्चिमेकडे बघत होते. एक चांदणी उगवली होती, ती हलत नव्हती. बाकी काही नाही. मी डोळे बारीक केले, मोठे केले. काही नाही.

"तो बघ!" ताईंनी माझा दंड धरला. दोन मीटरचा नियम पाळून तीन महिने झाले होते, कोणाचा हात लागणं विसरायला झालं होतं. "तो तो तो! पांढरा! चालला बघ, असा, असा..." त्यांचं बोट डावीकडून वर सरकत गेलं, आणि त्याबरोबर त्यांची मान, त्यांचा चेहरा. तोंड उघडं होतं. मी त्यांच्या बोटाच्या टोकाकडे बघितलं, टोकाच्या पुढे बघितलं. रिकामं दुधी आकाश.

"दिसलं ना?" त्यांनी वळून विचारलं.

त्या चेहऱ्याला "नाही" म्हणणं मला जमलं नाही. मला वाटलं, माझेच डोळे कमी पडले. त्यांचे डोळे इतकी वर्षं तयार झालेले, माझे चार महिन्यांचे. आणि नसेलही दिसलं, तरी काय बिघडलं?

"हो," मी म्हणाले. "दिसलं."

त्यांनी तिथेच कुंपणाच्या खांबावर वही ठेवून लिहिलं, 'यान, माणसांसह, दोन. पश्चिमेकडून वर. नुसत्या डोळ्यांनी.' मग पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली.

परत येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर त्या खिचडी गरम करायला गेल्या आणि मी पायरीवरचा फोन उचलला. पुण्याहून बाबांचा मेसेज होता. हवामान खराब झाल्यामुळे उड्डाण रद्द, शनिवारी पुन्हा प्रयत्न करणार. आधी मला वाटलं, ही जुनी बातमी असेल. मग मी वेळ पाहिली. पाऊण तासापूर्वीची. आम्ही कुंपणाशी उभ्या होतो तेव्हा ते यान फ्लोरिडात जमिनीवरच होतं.

मी पायरीवर बसले. आतून ताईंचा आवाज येत होता. "दोन माणसं, पोट्टी! विचार कर ना. आपल्या डोक्यावरून गेले, आणि डेक्लनला पत्ता नाही." मी ठरवलं की आज सांगायचं नाही. उद्या कारखान्यात कोणीतरी सांगेलच. मग हसतील त्या, एक सरळ रेघ मारतील आणि संपेल. पण मग माझी सही? मी काय पाहून केली होती? याचं उत्तर तयार करत मी दहा मिनिटं तरी तिथे बसले असेन. उत्तर झालं नाही, म्हणून उठून आत गेले.

"ताई, ते गेलंच नाही. रद्द झालं."

त्यांनी फोन हातात घेऊन वाचलं आणि खरंच हसल्या. "माझ्या नशिबात रद्दच लिहिलं आहे. मग आपण काय पाहिलं? विमान?"

"विमानं बंद आहेत."

"मग एखादा उपग्रह असेल. तुला कसा दिसला? डावीकडून गेला ना?"

मी ओट्याच्या कडेकडे बघत होते. "ताई, मला काही दिसलं नव्हतं."

"म्हणजे?"

"काहीच नाही. आकाश रिकामं होतं. मी उगीच हो म्हणाले."

मला वाटलं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. हातातला डाव त्यांनी पातेल्यावर आडवा ठेवला, दिव्याच्या बटणापाशी गेल्या आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद केला. खिडकीतून उरलेला निळसर उजेड येत होता. त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि डोळे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवले. पुन्हा फिरवले.

"आहे," त्या म्हणाल्या. "इथे पण आहे."

"काय?"

"तोच पांढरा. डोळा हलवला की चालते." मग एक डोळा हाताने झाकून, केबिनमध्ये कण मोजताना बोलतात त्याच सपाट आवाजात म्हणाल्या, "आणि खालच्या कोपऱ्यात काळं आहे. पडद्यासारखं. परवापासून असेल. मला वाटलं चष्म्याची दांडी आहे."

फोन मी केला. अनोळखी माणसाशी इंग्रजीत फोनवर बोलायला मी एरवी दोन दिवस आधीपासून घाबरते. संध्याकाळनंतरच्या डॉक्टरसेवेतल्या नर्सने मला तीन प्रश्न विचारले. चमकतं का, तरंगतं का, पडदा आहे का. तिन्हींना मी "हो" म्हणाले, आणि तिन्ही खरे होते. ती म्हणाली, सकाळी पहिल्यांदा डब्लिनच्या डोळ्यांच्या इस्पितळात जा, दुपारपर्यंत थांबू नका.

सकाळी सहाला डेक्लनने गाडी काढली. चारही काचा खाली, तिघांच्या तोंडाला मास्क, ताई मागे आडव्या. "शी'ल बी ग्रँड," म्हणजे होतील बऱ्या, असं तो मला तीनदा म्हणाला आणि एकदाही माझ्याकडे बघून म्हणाला नाही. मला आत सोडलं नाही. आम्ही दोघं इस्पितळासमोरच्या फुटपाथवर अंतर ठेवून बसलो. पाच तासांनी ताईंचा फोन आला. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटत आला होता, पण मधल्या भागापर्यंत पोचला नव्हता. उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणाली होती की दोन-तीन दिवस अजून घरी बसला असतात, तर मधली नजर गेली असती, आणि ती मग परत आली नसती.

"त्या डॉक्टरने विचारलं, लवकर कसं कळलं," ताई फोनवर म्हणाल्या. "मी सांगितलं, रॉकेट रद्द झालं म्हणून."

मी नाही म्हणाले असते तर कुरणातच कळलं असतं, हे त्या बोलल्या नाहीत. आणि रॉकेट वेळेवर गेलं असतं, तर माझ्या "हो"वर विसंबून त्या कितीतरी दिवस तो पांढरा ठिपका बघत बसल्या असत्या, हेही बोलल्या नाहीत. मी मात्र फुटपाथवर बसून हाच हिशेब पुन्हा पुन्हा करत होते. डेक्लनने सँडविच पुढे केलं, ते मी हातातच धरून ठेवलं होतं.

ताई शनिवारी घरी आल्या. डोळ्यात गॅसचा फुगा भरला होता. पडदा जागेवर दाबून धरायला. त्यामुळे पहिले काही दिवस मान खाली. जेवताना खाली, झोपताना पालथं, बसताना टेबलाच्या कडेला उशी ठेवून त्यावर कपाळ. फुगा जिरेपर्यंत विमानात बसायचं नाही, असंही लिहून दिलं होतं. "आता बसायचंच कुठे आहे," त्या उशीत म्हणाल्या. ज्या बाईने आयुष्यभर सगळं उजेडात वर धरून पाहिलं, ती आता गालिच्याकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी यान गेलं. या वेळी खरंच. फोन जिन्यावर नव्हता, ताईंच्या परवानगीने टेबलावर होता. त्यांनी फक्त आवाज ऐकला. धडधड आणि माणसांच्या टाळ्या. मग म्हणाल्या, "जा. वीस मिनिटं."

मी मागच्या बागेत जाऊन उभी राहिले. ऊन अजून होतं. डेक्लनच्या भिंतीवर पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. मी मान दुखेपर्यंत बघितलं. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, तीस झाली. आत आले.

"काही दिसलं नाही, ताई. ऊन फार आहे. निळं आकाश, पाकोळ्या, एक ढग. बाकी काही नाही."

"ढग कुठे होता?"

"डेक्लनच्या धुराड्यावर. छोटा."

त्यांनी उशीत मान हलवली.  मग त्यांनी खाली बघतच विचारलं, "त्या दिवशी हो का म्हणाली?"

हा प्रश्न येणार हे मला तीन दिवस माहीत होतं. "तुम्ही एवढ्या खूश होतात. मला वाटलं, मी नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या पडाल."

"पोट्टी," त्या म्हणाल्या. आवाज उशीमुळे जाड येत होता. "तू हो म्हटलं, तेव्हाच तर मी एकटी पडली."

  थोड्या वेळाने त्यांनी टेबलाखालून हात पुढे केला आणि माझा गुडघा हलकेच थोपटला. बहुधा हात शोधत होत्या.

त्यांचं पुढचं थोडक्यात सांगते. डोळा वाचला. शेवटची ओळ मात्र परत आली नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी त्या केबिनमधून बाहेर आल्या आणि नुसतं शिकवायला लागल्या. मी २०२१च्या शेवटी ॲथलोनला दुसरी नोकरी धरली. पण त्या शनिवारचं अजून थोडं राहिलं आहे.

"ते दीड तासाने फिरून परत येईल," ताई म्हणाल्या. "तेव्हा ऊन नसेल. पुन्हा जा."

दहा वाजून गेल्यावर मी पुन्हा बागेत गेले. भिंती राखाडी झाल्या होत्या, आकाश अजून उजळ होतं. पश्चिमेकडून एक तेजस्वी ठिपका निघाला, न लुकलुकता, घाई न करता. ते अवकाशस्थानक असणार, एवढं मला माहीत होतं. मी त्याच्या मागे बघत राहिले. बऱ्याच अंतराने, त्याच वाटेने, एक दुसरा ठिपका आला. फिकट, अगदी लहान. मी डोळे डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले. तो माझ्याबरोबर हलला नाही. आपल्या वाटेने जात राहिला, धुराड्यावरून, तारांवरून, आणि पूर्वेला अंधारात विरला. आवाज अजिबात नव्हता. आत दोन माणसं होती.

मी आत आले. ताई तशाच टेबलावर कपाळ टेकून बसल्या होत्या. त्यांना माझा चेहरा दिसायला एकच जागा होती. मी टेबलाखाली शिरले आणि गालिच्यावर उताणी झोपले. उशी थोडी सरकवून त्यांनी खाली बघितलं. एक डोळा पट्टीखाली, दुसरा माझ्यावर. त्यांचा चेहरा मला वर, उलटा, खूप जवळ दिसत होता. माझ्याकडे इतकं निरखून कोणी बघितलेलं मला आठवत नाही, आणि मी मान वळवली नाही.

"सांग," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासून."

मी सांगायला लागले.